चक्कर : वयानुसार बदलणारी कारणे

चक्कर हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. स्वतः किंवा भोवतालच्या वस्तू गरगर फिरत असल्याचा भास म्हणजे व्हर्टिगो. डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा डोके हलके वाटणे ही त्याहून वेगळी अवस्था होय. व्हर्टिगोचे कारण शोधताना रुग्णाचे वय आणि चक्कर किती वेळ टिकते, या दोन बाबी मोलाच्या ठरतात.

बालवय : लहान मूल एकाएकी घाबरते, आईला घट्ट धरते आणि काही मिनिटांत पुन्हा खेळू लागते. अशा मुलांच्या घराण्यात बऱ्याचदा अर्धशिशी आढळते. वाढत्या वयाबरोबर हा त्रास बहुधा थांबतो.

तरुण व मध्यम वय : या वयात अर्धशिशीशी निगडित चक्कर अधिक आढळते. त्या वेळी डोके दुखतेच असे नाही. तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला सूज आल्यास चक्कर कित्येक दिवस टिकते. मेनियरचा आजार सामान्यतः ४० ते ६० या वयात उद्भवतो. त्यात चक्कर २० मिनिटे ते १२ तास राहते, कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येते.

उतारवय : पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, 'बीपीपीव्ही' हा प्रकार वाढतो. अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. त्यामुळे कुशीवर वळताना किंवा वर पाहताना चक्कर येते आणि बहुधा मिनिटभरात थांबते. याचा दोष अनेकदा मानेच्या मणक्यांना दिला जातो आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या जातात. गोळ्यांनी हे कण जागेवर जात नाहीत. त्यासाठी अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत उपयुक्त ठरते. तीत तज्ज्ञ रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने वळवून काही मिनिटांतच कण नलिकेबाहेर काढतात. वृद्धांनी हा त्रास अंगावर काढू नये. तोल जाऊन पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते.

धोक्याची लक्षणे : चक्कर येताना एकाची दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, हात-पाय लुळे पडणे किंवा आधाराशिवाय उभे राहता न येणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वय कोणतेही असो, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.