हरवलेल्या पोथ्यांसाठी चिनी

चिनी भाषा कशासाठी शिकायची, असे आज कोणाला विचारले तर व्यापार, नोकरी किंवा परराष्ट्रनीती ही उत्तरे येतील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याच्या एका अभ्यासकाने ती शिकली, ती हरवलेल्या भारतीय ग्रंथांसाठी. हे अभ्यासक म्हणजे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. धर्मानंद कोसंबींचे शिष्य आणि फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक. १९२४ साली त्यांनी 'सुत्तनिपात' देवनागरीत संपादित करून प्रसिद्ध केला होता. पुढे हार्वर्ड विद्यापीठात ते विद्यार्थी म्हणून गेले, तेव्हा स्वतः मुरलेले शिक्षक होते.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. उपतिस्साच्या 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाची मूळ पाली संहिता लुप्त झालेली. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालाने केलेले चिनी भाषांतर तेवढे संपूर्ण स्वरूपात शिल्लक राहिले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी त्याची तुलना करायची, तर चिनीला पर्याय नव्हता.

संस्कृत-पालीवर पोसलेल्या विद्यार्थ्याला ही भाषा प्रथम निराधार करते. विभक्ती नाही, लिंग नाही, क्रियापदाची काळानुसार रूपे नाहीत. शब्दाचे कार्य बहुतांशी त्याच्या वाक्यातील जागेवरून ओळखायचे. कोश उघडावा तर वर्णक्रमही नाही. १७१६ च्या कांग्शी कोशाने रूढ केलेल्या २१४ मूलचिन्हांपैकी नेमके कोणते, हे ठरवून उरलेल्या रेघा मोजायच्या, तेव्हा शब्द हाती लागतो.

परंतु बौद्ध ग्रंथांच्या चिनीत ओळखीच्या खुणाही भेटतात. 'ध्याना'चे 'चान-ना' झाले, त्यातले 'चान' उरले आणि जपानात तेच 'झेन' झाले. बुद्धाला आज चिनीत 'फो' म्हणतात. त्या चिन्हाचा प्राचीन उच्चार 'बुत्'च्या जवळचा होता. पाली जाणणाऱ्याला वाक्य कोठे चालले आहे याचा अंदाज आधीच येतो. त्याच्या बाबतीत अर्थ पुढे आणि अक्षर मागे, असा उलटा प्रवास घडतो. यात सोय आहे, तसा धोकाही. भाषांतरकाराने जे लिहिलेच नाही, ते पालीच्या आठवणीने वाचले जाऊ शकते.

बापटांना हार्वर्डची पीएच.डी. १९३२ साली मिळाली. त्यांचा तुलनात्मक ग्रंथ १९३७ साली पुण्यात निघाला. १९५१ साली विश्वभारतीने त्यांचे 'अर्थपदसूत्र' प्रकाशित केले. तिसऱ्या शतकात चि-छिएन याने चिनीत आणलेले हे सूत्र 'सुत्तनिपाता'तील अट्ठकवग्गाचे भावंड होय. तरुणपणी संपादिलेल्या ग्रंथाचा दुसरा अवतार सत्तावीस वर्षांनी चिनीतून हाती यावा, याहून मोठे फळ कोणत्या विद्यार्थ्याला मिळते? १९७० साली, जपानी पंडित हिराकावा यांच्यासह, त्यांनी 'समन्तपासादिके'च्या चिनी अवताराचे इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेतर्फे प्रसिद्ध केले.

या विद्वत्तेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही एक प्रश्न उरतो. या वाटेने आम्हाला चीन भेटला तो आमच्या ठेवी सांभाळणारा कोठारी म्हणून. त्याचे स्वतःचे काव्य, इतिहास, त्याची सुखदुःखे या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिली. १९३८ साली सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा त्यांनीही चिनी आत्मसात केली. पण ती युद्धात जखमी झालेल्या माणसांशी बोलण्यासाठी. १९४२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे विद्यापीठ म्हणजे रुग्णालय.

१९६२ च्या युद्धाने या दोन्ही वाटा अरुंद केल्या. शेजाऱ्याच्या घरी ठेवलेले आपले दागिने तेवढे ओळखता यावेत आणि शेजाऱ्याचा चेहरा मात्र अनोळखी राहावा, असे आमचे झाले. बापटांच्या चिकाटीने आणि कोटणिसांच्या कारणासाठी कोणी चिनी शिकेल, तर ते शिक्षण पुरे होईल.