शिवणकामाला गेलेली एडा

शोधमोहिमांचा इतिहास वाचला की कप्तानांची नावं लक्षात राहतात. त्यांचे कपडे कुणी शिवले, हे कुणी विचारत नाही. आज मी अशाच एका शिवणाऱ्या बाईची खरी हकीकत सांगणार आहे. तिचं नाव एडा ब्लॅकजॅक.

एडा १८९८ साली अलास्कात जन्मली. इनुपियात या तिथल्या मूळच्या समाजातली ती मुलगी. पण ती मिशनच्या लोकांत वाढली. स्वयंपाक, शिवण आणि लिहिणं-वाचणं शिकली. शिकार मात्र तिला येत नव्हती. पुढे लग्न झालं. तीन मुलांपैकी दोन दगावली आणि नवऱ्यानं टाकलं. उरलेल्या बेनेटला घेऊन ती सुमारे ६५ किलोमीटर चालत नोम गावी आली. बेनेटला क्षय होता. औषधपाण्याला पैसे नव्हते, म्हणून त्याला अनाथाश्रमात ठेवावं लागलं.

१९२१ साली स्टेफान्सन नावाचा शोधक सायबेरियाच्या उत्तरेला असलेल्या रॅंगल बेटावर ब्रिटिशांचा हक्क सांगण्यासाठी चार तरुण पाठवत होता. तो स्वतः गेला नाही. त्या थंडीत कातड्याचे कपडे आणि बूट नीट शिवलेले नसतील तर माणूस गारठून मरतो. म्हणून शिवणारी बाई हवी होती. पगार महिना ५० डॉलर. सोबत येणारी इनुपियात कुटुंबं ऐनवेळी मागे फिरली. एडालाही भीती वाटत होती, पण मुलाच्या उपचारासाठी ती गेली. चार परके पुरुष, ती आणि विक नावाची मांजर.

१९२२ च्या उन्हाळ्यात त्यांना आणायला निघालेलं जहाज बर्फामुळे बेटापर्यंत पोचलंच नाही. शिधा संपत आला. जानेवारी १९२३ मध्ये तिघेजण मदत आणायला गोठलेल्या समुद्रावरून निघाले. ते पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. मागे राहिला लॉर्न नाइट. तो स्कर्व्हीनं अंथरुणाला खिळला होता.

आता एडा शिकली. सापळे लावून कोल्हे धरायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, पक्षी आणि सील मारायला शिकली. पांढऱ्या अस्वलांची तिला फार भीती. ती लांबूनच दिसावीत म्हणून तिनं उंच माचाण बांधलं. सुमारे पाच महिने नाइटची सेवा केली, सरपण आणलं, रोजनिशीही लिहिली. जूनमध्ये नाइट वारला. त्यानंतर सुमारे दोन महिने ती आणि मांजर दोघीच होत्या. २० ऑगस्ट १९२३ ला जहाज आलं. पाच माणसांपैकी जिवंत सापडली ती फक्त एडा.

पुढची गोष्टही सांगायला हवी. तिला आणायला गेलेल्या मोहीमप्रमुखानंच नंतर वर्तमानपत्रांतून आरोप केला, की तिनं नाइटची हेळसांड केली. तेव्हा नाइटचे आईवडील तिच्या बाजूनं उभे राहिले. स्टेफान्सननं या मोहिमेवर पुस्तक छापलं. एडानं मिळालेल्या पैशांतून बेनेटला सिएटलला नेऊन उपचार केले. ती १९८३ साली, ८५ व्या वर्षी वारली. अँकरेजमध्ये बेनेटच्या शेजारीच तिला पुरलं आहे.

पेगी कॅरावांटेस यांनी २०१६ साली मोठ्या मुलांसाठी इंग्रजीत तिचं चरित्र लिहिलं. मुलांना ते कळायला हवंच, पण आपल्यालाही कळायला हवं. गटाच्या बैठकीत ‘काय येतं?’ म्हणून विचारलं, की बायका म्हणतात, ‘काही नाही ताई, जरा शिवण येतं.’ एडालाही तेवढंच येत होतं. त्या शिवणावाचून ते चौघे बेटावर एक हिवाळाही काढू शकले नसते. बाकीचं सगळं ती गरज पडली तेव्हा, वयाच्या पंचविशीत, शिकवायला कुणी नसताना शिकली.

म्हणून पुढच्या बैठकीत ‘जरा’ हा शब्द गाळून सांगा.