वाद पेल्याचा की बैठकीचा?

दुपारी चार मैत्रिणी हॉटेलात चहाला गेल्या, की घरी प्रश्न येतो : ‘घरात चहा नव्हता का? हा इसराफ नाही का?’ प्रश्न जुनाच आहे.

रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून येमेनचे सूफी कॉफी पीत. तिथून ती मक्केत आली. १५११ साली तिथला मुहतसिब खैर बेग याने हरम शरीफजवळ रात्री कॉफी पीत बसलेली माणसे पाहिली. त्याने उलेमांची सभा बोलावली, दोन हकिमांची साक्ष घेतली आणि कॉफी हराम ठरली. पोती जाळण्यात आली, विकणाऱ्यांना मार बसला. पण कैरोहून सुलतान कानसूह अल्-गौरीचे फर्मान आले, त्यात पेयावर सरसकट बंदी नव्हती. आक्षेप होता तो बैठकांवर! पुढच्या वर्षी खैर बेगचे पद गेले. कॉफी राहिली, बैठकाही राहिल्या.

म्हणजे वाद पेल्याचा नव्हताच. कोण कुठे, कोणाबरोबर बसते याचा होता. आजही नाक्यावर चारचारदा चहा पिणाऱ्या पुरुषांकडे कोणी हिशोब मागत नाही. इसराफचे माप लावायचेच असेल, तर सर्वांना सारखे लावा. ऐपतीत बसणाऱ्या एका कपासोबत बाईला तासभर मोकळे बोलता आले, तर ती उधळपट्टी कशी?