पटाच्या दाणीवरचे घड्याळ

माघातली सकाळ होती. रामटेकजवळच्या एका गावाबाहेर आम्ही शंकरपट पाहायला उभे होतो. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि ती ज्या सरळ पट्टीवर होते ती दाण. हलक्या छकड्याला जुंपलेली एक जोडी सुटली, धुरळा उठला आणि बघता बघता ती पलीकडच्या झेंडीपाशी पोचली. तिथे दोघांच्या हातांत घड्याळे होती. दोघांच्या वेळांत एक दशांश सेकंदाचा फरक निघाला. बक्षिसाचा प्रश्न असल्याने वाद पेटला. खरे घड्याळ कोणाचे?

झेंडी पडलेली दिसणे, मेंदूने हुकूम देणे आणि बोटाने कळ दाबणे यांत माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. जोडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला १० मीटर जाते. म्हणजे ०.२ सेकंदात २ मीटर, जवळजवळ एका बैलाची लांबी! कळ सुरुवातीला उशिरा दाबली जाते तशी शेवटीही, त्यामुळे ही चूक काही अंशी वजा होते, पण पूर्णपणे नाही. येणारी जोडी आधीपासून दिसत असते, म्हणून शेवटची कळ माणूस बरेचदा अंदाजाने दाबतो. तेव्हा दशांशाचा फरक पडला तर कोणी लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही. हातातले घड्याळ शतांश सेकंद दाखवते खरे, पण ते दाबणारे बोट तितके अचूक नसते.

असा वाद आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील डेटोना येथे ‘स्टॉक कार’ शर्यती होतात. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकायला असते तशी साधी मोटार. १९३६ मध्ये या मोटारी तिथे समुद्राच्या पुळणीवर आणि शेजारच्या रस्त्यावर धावल्या. १९५९ मध्ये तिथे ४ किलोमीटर लांबीचा, वळणावर ३१ अंशांनी उचललेला मार्ग बांधला गेला. २२ फेब्रुवारी १९५९ रोजी तिथल्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत ली पेटी आणि जॉनी बोशाम जवळजवळ एकाच वेळी रेषेवर आले. आधी बोशाम विजयी ठरला. मग छायाचित्रे आणि चित्रफिती तपासल्या गेल्या, आणि तीन दिवसांनी पेटी विजयी झाल्याचे जाहीर झाले. डोळ्यांना न सुटलेला प्रश्न कॅमेऱ्याने सोडवला.

या दोन शर्यतींत आणखी एक साम्य आहे. दोन्ही रोजच्या कामाच्या वाहनांतून जन्मल्या. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ ही बैलांची जात अंगाने हलकी आणि चालीला चपळ. मराठ्यांच्या सैन्याची जलद वाहतूक करण्यासाठी ती जोपासली गेली, असे पशुपैदाशीच्या ग्रंथांत नोंदले आहे. १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी आली, पुढे मालमोटारी आणि ट्रॅक्टर आले. लांब पल्ल्याच्या प्रवासात बैलाच्या वेगाची गरज उरली नाही. मात्र सुगी आटोपल्यावर भरणाऱ्या पटात त्या वेगाला मान राहिला. भंडारा, गोंदियाकडे तर दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक अशी जोडी जमून गेली.

वेग मोजण्यात माणसाने चांगली प्रगती केली. इजा मोजण्याचे काय? डेटोनालाच १८ फेब्रुवारी २००१ रोजी शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच्या कवटीचा तळ भंगला होता. धडक बसताच पट्ट्यांनी बांधलेले धड थांबते, डोके मात्र पुढे जात राहते. न्यूटनचा पहिला नियम इथे जीवघेणा ठरतो. डोके आणि मान सांभाळणारे साधन १९८० च्या दशकातच तयार झाले होते, पण या शर्यतींत ते सक्तीचे झाले ऑक्टोबर २००१ मध्ये.

मोटारीत बसणारा चालक निदान स्वतःच्या मर्जीने बसतो. बैलाला कोण विचारतो? हाच प्रश्न न्यायालयात गेला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो भीतीने आणि वेदनेने पळतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता धाव १००० मीटरपेक्षा लांब नको, काठी नको, विजेचा धक्का नको, असे नियम आहेत.

नियम पाळला गेला की नाही हे कळायला मोजमाप हवे. धावताना स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामात येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी बैलाचा श्वास जलद होतो. आम्ही त्या दिवशी वाद सोडून एका जोडीच्या मागे गेलो आणि बैलाच्या कुशीची हालचाल मोजत बसलो. धाव संपून बराच वेळ झाला तरी कुशी लगबगीने हलत होती. धुरकरी आमच्याकडे नवलाने पाहत होता. मग त्यानेही मोजायला सुरुवात केली.

शिक्षकांना हा प्रयोग सहज करता येईल. पट असलाच पाहिजे असे नाही, नांगरटीवरून आलेली जोडीही चालेल. कामाआधी निवांत उभ्या बैलाचे एका मिनिटातले श्वास मोजावेत. काम संपल्यावर दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावेत आणि आलेख काढावा. श्वास मूळ संख्येवर यायला किती वेळ लागला? सावलीत किती, उन्हात किती? दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळे मोजले तर आकडे जुळतात का? बैल केव्हा पुन्हा जुंपावा, याचे उत्तर त्या आलेखात सापडेल. घड्याळ तेच राहील, फक्त ते झेंडीऐवजी बैलाकडे पाहून दाबायचे.