डब्लिनचे सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल आणि तेथील गायकवृंद

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे मध्ययुगातील दोन कॅथीड्रल आहेत. एकाच शहरात दोन कॅथीड्रल असणे हा तसा विरळा प्रकार. त्यांपैकी सेंट पॅट्रिक्स हे देशातील सर्वांत मोठे चर्च होय. आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याने येथील एका विहिरीच्या पाण्याने लोकांना बाप्तिस्मा दिला, अशी परंपरागत श्रद्धा आहे. आर्चबिशप जॉन कॉमिन याने ११९१ मध्ये या जागेवरील लहान चर्चला विद्वान धर्मगुरूंच्या संस्थेचा दर्जा दिला. तेराव्या शतकात त्याचे कॅथीड्रल झाले व आजची दगडी वास्तू उभी राहिली.

गायकवृंदाला स्थिर आधार मिळाला तो आर्चबिशप रिचर्ड टॅलबट याच्यामुळे. १४३२ च्या सुमारास त्याने सहा कनिष्ठ धर्माधिकारी व सहा गाणारी मुले यांची कायम व्यवस्था लावून दिली. मुलांच्या शिक्षणासाठी तेव्हा सुरू झालेली शाळा आजही चालू आहे. आता तेथे मुलीही शिकतात. अर्थात ही वाटचाल अखंड नव्हती. धर्मसुधारणेच्या धामधुमीत १५४७ मध्ये कॅथीड्रलची संस्थाच बरखास्त झाली. राणी मेरीच्या कारकिर्दीत १५५५ मध्ये ती पुन्हा स्थापन झाली.

‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट १७१३ पासून १७४५ पर्यंत येथे डीन, म्हणजे मुख्य धर्माधिकारी होता. संगीतात त्याला फारशी गती नव्हती, पण वृंदाच्या शिस्तीविषयी तो अतिशय दक्ष असे. १७४२ च्या आरंभी त्याने आपल्या गायकांना शहरातील संगीतसभांत भाग घेण्यास मनाई केली. त्या वेळी संगीतकार हँडेल डब्लिनमध्येच होता व त्याच्या ‘मसाया’ या नव्या रचनेसाठी दोन्ही कॅथीड्रलचे गायक हवे होते. दोन्हीकडे गाणारे बरेचसे पुरुष गायक एकच असल्याने सेंट पॅट्रिक्सचा नकार कार्यक्रमाच्या मुळावरच येणारा होता. अखेर परवानगी मिळाली. १३ एप्रिल १७४२ रोजी फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहात रचनेचा पहिला प्रयोग झाला. गर्दी सामावावी म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांतील कडी व पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती आधीच करण्यात आली होती! सुमारे सातशे श्रोते आले. जमलेले सुमारे ४०० पौंड दोन रुग्णालये व कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी यांच्यासाठी होते; त्यातून १४२ कैद्यांची सुटका झाली. स्विफ्टची प्रकृती मात्र तेव्हा झपाट्याने ढासळत होती. त्याच वर्षी त्याला कारभार पाहण्यास असमर्थ ठरविण्यात आले. १७४५ मध्ये त्याचे निधन झाले; त्याची कबर कॅथीड्रलमध्येच आहे.

एकोणिसाव्या शतकात वास्तू मोडकळीस आली होती. प्रसिद्ध मद्यनिर्माते बेंजामिन ली गिनेस यांनी १८६० ते १८६५ या काळात स्वखर्चाने तिचा जीर्णोद्धार केला. त्यात जुने किती राहिले व नवे किती आले, हे सांगणे आज जाणकारांनाही कठीण जाते.