शत्रूच्या गावात फावडं घेऊन

श्रोतेहो, मी कवी. शब्दांवर माझा सगळा संसार. पण आज मी ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांचं ब्रीदच मुळी होतं, 'शब्द नकोत, कृती हवी.'

गोष्ट १९२० सालची आहे. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. फ्रान्समध्ये व्हर्दून नावाचं गाव आहे. १९१६ मध्ये तिथं फ्रेंच आणि जर्मन सैन्यांत जवळजवळ दहा महिने लढाई चालली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक तिथं मेले. आसपासची खेडी तोफांनी जमीनदोस्त झाली. शेतात नांगर धरायचा तर आधी तोफगोळ्यांचे खड्डे बुजवायचे, अशी परिस्थिती होती.

त्याच वर्षी हॉलंडमधल्या बिल्टहोवन इथं युद्धविरोधी मंडळींची एक परिषद भरली. भाषणं झाली, ठराव झाले. तेव्हा एक जर्मन प्रतिनिधी उठला आणि म्हणाला की, आमच्या सैन्यानं फ्रान्समध्ये जे मोडलं ते बांधायला मी जायला तयार आहे. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरनं हे बोलणं मनावर घेतलं. सेरेसोलचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पण हा मुलगा मात्र लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेला.

त्या हिवाळ्यात सेरेसोल मूठभर स्वयंसेवकांना घेऊन व्हर्दूनजवळच्या एन या खेड्यात पोचला. स्विस होते, इंग्रज होते, आणि तीन जर्मनही होते. त्यांनी लाकडी घरं उभारली, खड्डे बुजवले, रस्ते नीट केले. विचार करा, ज्यांच्या घरातली माणसं जर्मनांच्या गोळ्यांनी गेली, त्यांच्याच दारात जर्मन माणूस फावडं घेऊन उभा होता!

आता ही गोष्ट गोड शेवटाची असावी, असं आपल्याला वाटतं. तशी ती नाही. जर्मनांचं तिथं असणं अधिकाऱ्यांना खुपत होतं. पाठिंबा मिळेना. १९२१ च्या एप्रिलमध्ये शिबिर गुंडाळावं लागलं. हिशेबाच्या वहीत लिहायचं तर पहिला प्रयत्न फसला. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. देशोदेशीच्या तरुणांनी एकत्र राहायचं, अंगमेहनत करायची आणि त्यातून एकमेकांना ओळखायचं, ही आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची परंपरा तिथून सुरू झाली.

मेहनतीनं ओळख कशी होते, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. कॉलेजात असताना आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी एका खेड्यात बांध घालायला गेलो होतो. पहिल्या रात्री पोरं आपापल्या गटांत जेवली. मी जरा बाजूला होतो. माझं नाव ऐकल्यावर काही नजरा बदलतात, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले. माझ्याशी एक शब्दही न बोललेल्या एका मुलानं स्वतःचा रुमाल फाडून माझ्या हाताला बांधला आणि पुन्हा घमेलं उचललं. घमेल्यांची रांग चालू असताना पुढच्याचं आडनाव विचारायला मागच्याला सवड नसते!

सेरेसोलची वाट पुढं आपल्या देशापर्यंत आली. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये थांबले, तेव्हा त्यांच्या सभांत दुभाष्याचं काम सेरेसोलनं केलं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकारानं मदतकार्य सुरू झालं आणि सेरेसोल युरोपातले सोबती घेऊन तिथं दाखल झाला. पुराच्या पाण्यात सापडणारी खेडी उंच जागी नव्यानं वसवण्यासाठी ही माणसं राबली. इंग्रजांचं राज्य असताना एखादा इंग्रज भारतीय शेतकऱ्याच्या बरोबरीनं माती उपसतो आहे, हे दृश्य त्या काळात नवलाचंच होतं.

पुढं १९५० च्या दशकात याच संघटनेचे अनेक देशांतले तरुण वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले. दवाखान्याच्या इमारती उभारायला त्यांनी हातभार लावला. कुष्ठरुग्णांची सावलीही नको, असा तो काळ. दूरदेशीची पोरं त्यांच्याबरोबर राहतात, त्यांनी पिकवलेलं खातात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीती ओसरू लागली. पाहुण्यांनी नुसती इमारत बांधली नाही, शेजाऱ्याला शेजारी दाखवला.

मग या शिबिरांनी युद्ध थांबलं का? नाही. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलंच. पण त्या युद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनीच्या सरकारांनाही तरुणांकडेच वळावं लागलं. जानेवारी १९६३ मध्ये द गॉल आणि आडेनॉवर यांनी मैत्रीकरारावर सह्या केल्या. त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून युवक विनिमयासाठी एक कार्यालय काढलं. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्याच्या उपक्रमांतून एकमेकांच्या देशात गेले, शाळांत शिकले, घरांत राहिले.

२२ सप्टेंबर १९८४ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ आणि जर्मन चॅन्सेलर कोल त्याच व्हर्दूनच्या रणभूमीवर हातात हात घेऊन उभे राहिले. ते छायाचित्र जगभर गाजलं. मला मात्र ते पाहताना ६४ वर्षांपूर्वीचे तीन जर्मन आठवतात. त्यांचा हात कुणी हातात घेतला नव्हता. त्यांच्या हातात फक्त फावडं होतं.

आपल्या गावातही अशी मोडलेली एखादी भिंत असेल. ती कुणी पाडली याचा वाद चालू राहील, राहू दे. तोवर दोन्हीकडची चार पोरं बोलावून माती कालवायला काय हरकत आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)