रुग्णाचे कथन आणि डॉक्टरांचा अधिकार

पाश्चात्त्य समाजात डॉक्टरांना लाभलेला अधिकार हा त्यांच्या रोगनिवारणक्षमतेचे फलित होय, असे सामान्यतः मानले जाते. इतिहासक्रम मात्र निराळा आहे. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने परीक्षेविना वैद्यकी करण्यास मनाई झाली. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेकने कागदाची सुरळी एका तरुणीच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप सिद्ध झाला. क्षयाचे निदान रुग्णाच्या हयातीत अधिक नेमके होऊ लागले. प्रभावी उपचार मात्र नव्हता. १८२६ मध्ये लेनेक स्वतः क्षयानेच मरण पावला.

तात्पर्य, बरे करण्याच्या सामर्थ्याआधीच रोगाचा अर्थ लावण्याचा अधिकार प्रस्थापित झाला. तोवर रुग्णाचे निवेदन हा निदानाचा प्रमुख आधार असे. आता त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या फुप्फुसांची साक्ष ग्राह्य ठरली, आणि ती वाचण्याची विद्या डॉक्टरांपाशीच होती. मिशेल फूकोने १९६३ च्या ग्रंथात हे स्थित्यंतर वैद्यकीय 'नजरे'च्या संदर्भात मांडले.

संहितेचा अर्थ तिच्या कर्त्यापेक्षा वाचकाला अधिक उमगतो, असे मानणाऱ्या समीक्षेलाही हा इतिहास लागू पडतो. अर्थनिर्णयाचे शास्त्र जसजसे काटेकोर होते, तसतसे ज्याचे दुःख त्याचेच कथन दुय्यम ठरण्याचा धोका वाढतो.